सावली नसलेला रोहक

पूर्वी अरिष्टपुरात संवर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मला होता. व्यापाऱ्यांचे तांडे तो रानावनांतून सुखरूप पार नेई. त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता, म्हणून वाद मिटवायलाही लोक त्यालाच बोलावीत.

एका प्रवासात तांड्यातला रोहक नावाचा तरुण सालवनात तापाने दगावला. बोधिसत्त्वाने स्वतःच्या हातांनी त्याचे सरण रचले आणि त्याला अग्नी दिला. अरिष्टपुरात परतल्यावर तो आपल्या घरी न जाता थेट रोहकच्या विधवा आईकडे, वेणुकेकडे गेला. भर दुपार होती. आळीत कुत्री होती, पण एकही भुंकत नव्हते.

वेणुका हसत दारात आली. "या, सार्थवाह! तुमच्या आधीच पोचला की माझा रोहक."

आत चुलीजवळ रोहक बसला होता. तोच चेहरा, भुवईवर तोच व्रण. दारातले ऊन त्याच्या अंगावर पडले होते, मागच्या भिंतीवर मात्र सावली नव्हती. त्याची पापणी लवत नव्हती.

"बसा हं, गार पाणी आणते," म्हणून वेणुका विहिरीकडे गेली.

"तू सरण पेटवलेस, तेव्हा मी वरच्या फांदीवर होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी यक्ष आहे. माझ्या सावलीवरून गावात कुजबुज चालली आहे. म्हातारी आता तुलाच विचारील. तू एकदा म्हण, हा रोहक आहे. तुझ्या शब्दाने माझी सावली पडेल, मी माणूस होईन. तिला म्हातारपणी सांभाळीन. यात कुणाचे वाईट आहे?"

यक्षाने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे मान वळवली.

दारापलीकडून आवाज आला, "बाबा, पाणी द्या ना."

तो आवाज बोधिसत्त्वाच्या ओळखीचा होता. त्याची लेक उत्पला आजारपणात असेच पाणी मागत गेली होती. तो उठला. त्याचा हात दाराच्या कडीवर पडला.

"माझी बहीण आहे आत," यक्ष म्हणाला. "तीही तुझी लेक होऊन तुझ्या घरी येईल. आधी शब्द दे."

आतून पुन्हा तीच हाक आली. कडी धरून बोधिसत्त्व बराच वेळ उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने हात मागे घेतला.

"माझी उत्पला गेली," तो म्हणाला. "तिच्या नावाने दुसरीला हाक मारली, तर तिच्यासाठी रडणारेही कुणी उरणार नाही."

वेणुका पाणी घेऊन आली. "सार्थवाह, लोक याच्याबद्दल नाही नाही ते बोलतात हो. तुम्ही एकदा सांगा, हा माझाच रोहक ना?"

"नाही, आई. रोहक सालवनात माझ्या मांडीवर गेला. अग्नी मीच दिला."

वेणुकेच्या हातातले भांडे पडले. "चालते व्हा!" ती किंचाळली आणि तिने यक्षाला घट्ट मिठी मारली. तिच्या मिठीतच त्याचा व्रण पुसला गेला, मग भुवया, मग ओठ. शेवटी तिच्यासमोर गुळगुळीत, कोरा चेहरा उरला. तिचे हात आपोआप सुटले.

"तुझ्या हातची पेज मला फार गोड लागत होती, आई," त्या कोऱ्या चेहऱ्यातून घोगरा आवाज आला. आतल्या खोलीतली हाकही थांबली.

यक्ष उंबऱ्याशी पोचला, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "भूक लागली तर माझ्या दारी ये. तुझ्याच रूपात ये."

त्यानंतर वेणुकेने बोधिसत्त्वाचे तोंड पाहिले नाही. पावसाळा सरल्यावर मात्र एके सकाळी ती आपणहून त्याच्या अंगणात आली.

"शेवटी काय म्हणाला माझा रोहक?"

"तुमचे नाव घेतले. मग म्हणाला, आईला एकटे वाटू देऊ नका."

तेव्हा ती मुलासाठी पहिल्यांदा रडली. बोधिसत्त्व तिच्याशेजारी बसून राहिला, आणि पुढे तिच्या अखेरीपर्यंत त्याने तिला आईसारखे सांभाळले.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा यक्ष म्हणजे आज या सभेत बसलेला भिक्षू सुभग. वेणुका ती उपासिका खेमिका. तो सार्थवाह मीच होतो. कडी धरलेला हात त्या दिवशी जड झाला होता, आणि तरीही मी सत्य सोडले नाही, हीच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता."