रेवूचा प्रयोग

ही जुनी गोष्ट आहे, जनावरांची पोरं शाळेत जायची तेव्हाची. शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. कोल्ह्याच्या पोराने ज्वालामुखी करायला घेतला, माकडांनी उडता झोपाळा. साळिंदराची लेक रेवू मात्र रडकुंडीला आली होती. तिला काही सुचतच नव्हतं.

"मीही ज्वालामुखीच करते," ती अस्वलबाईंना म्हणाली.

"कर की. पण त्यातलं तुला काय जाणून घ्यायचंय?"

रेवू हळूच म्हणाली, "काहीच नाही. मला आमच्या आबा आजोबांचं कोडं पडलंय. त्यांना कानांनी ऐकू येत नाही. हाक मारली तर बघत नाहीत, पण कधीकधी मी पाय आपटत आले की वळतात."

"मग तेच शोध," बाई म्हणाल्या.

रेवूने आबांना डोळे मिटून बसवलं आणि वाळूत, चिखलात, कातळावर पाय आपटून पाहिले. वाळूत त्यांना काही कळेना. कातळावर मात्र लांबूनही ते पंजा वर करत.

प्रदर्शनात गर्दी ज्वालामुखीभोवती जमली. बक्षीसही त्यालाच मिळालं. रेवू हिरमुसून घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने आबांची नेहमीची बैठक वाळूतून हलवून कातळावर मांडली आणि त्यांना तिथे बसवलं. तेवढ्यात मागून कातळावर पावलं टाकत आई आली.

"सूनबाई का?" आबांनी मान न वळवता विचारलं. "बस जरा. पुष्कळ दिवसांत तू माझ्याजवळ बसली नाहीस."

आई हातातलं काम टाकून त्यांच्याशेजारी बसली.