आधी बोलला तो

यंत्रं एकमेकांशी भांडायची, तेव्हाची गोष्ट. मुलींच्या एका शाळेतल्या कॉम्प्युटरांच्या पोटात काहीच नसायचं. रोज सकाळी ते तारेतून ओरडायचे, "कोणी आहे का? उठवा आम्हाला!" मग कोपऱ्यातला म्हातारा सर्व्हर ओळख तपासून एकेकाला नंबर द्यायचा, सुरू व्हायला लागणारी फाईल पाठवायचा, आणि पडदे उजळायचे.

ऐन कॉम्प्युटरवरच्या परीक्षेच्या दिवशी कुणीतरी त्याच तारेला वायफायचा नवा डबा जोडला. कॉम्प्युटर ओरडले. म्हातारा ओळख तपासतोय तोवर डबा बोललासुद्धा, "मी आहे ना! घ्या नंबर!" आधी बोलेल त्याचंच ऐकायचं, ही त्या कॉम्प्युटरांची खोड. सगळे डब्याकडे वळले.

"आता फाईल दे."

"फाईल? ती कुठून आणू?"

पडदे काळेच राहिले. पोरी दारात ताटकळल्या.

म्हातारा कडाडला, "अरे मेल्या, चूल पेटवली नाहीस, तर पानं कशाला मांडलीस?"

"मी फक्त आधी बोललो."

म्हातारा कॉम्प्युटरांवर खेकसला, "आणि तुम्ही रे? इतकी वर्षं कुणाच्या हातचं खाल्लंत?"

परीक्षा बुडाली, पोरी रडत घरी गेल्या. डबा भिंतीवर हिरवा दिवा मिचकावत राहिला.

दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटर पुन्हा ओरडले.

"मी आहे ना!" डबा म्हणाला.

मेले पुन्हा त्याच्याकडेच वळले.