झरोक्याला लावलेली काच

“पण यात जळलेलं जातं कुठं?” भार्गवबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“कुठंच जात नाही, बुवा. याला धूरच नसतो.” हेमंत दुधाणे भिंतीवरचा शेवटचा स्क्रू आवळत हसला. “हा गॅसचा गीझर आहे. तुमचा बंब नव्हे.”

“बंबाचा धूर डोळ्यांत जायचा.”

“तेच तर सांगतोय! डोळे चुरचुरायचे, खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा. ती कटकट गेली आता.”

“खोकला आला की माणसानं काय करायचं?”

“काय करणार? दार उघडून बाहेर पळायचं.”

“हां...” बुवा म्हणाले.

कासारखिंड हे घाटमाथ्यावरचं गाव. थंडी दिवाळीला येते ती होळीपर्यंत हलत नाही. धुक्याचं तर विचारूच नका, भर दुपारी समोरच्या घराचं दार दिसत नाही. भार्गवबुवांनी पन्नास वर्षं या पंचक्रोशीला तांब्याचे बंब ठोकून दिले. हात थकले तेव्हा दुकान बंद करून ते गावाबाहेरच्या ओस पडलेल्या मठात येऊन राहिले. कफनी घातली नाही, प्रवचन केलं नाही. तरी माणसं येत, ओट्यावर बसत, प्रश्न विचारत, आणि बहुतेकदा आपलाच प्रश्न घेऊन परत जात.

हेमंत त्यांचा शेवटचा चेला. डिप्लोमा झाल्यावर पाच वर्षं त्यांच्या हाताखाली तांबं ठोकलं, मग स्वतःचं गीझरचं दुकान टाकलं. “बुवांच्या हाताखाली तयार झालोय,” हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी. त्या वाक्यावर गावातल्या एकोणीस घरांतले बंब मोडीत गेले आणि तिथं त्यानं गीझर चढवले.

आज विसावा गीझर. हा त्यानं कोणी न मागता आणला होता.

“गुरुदक्षिणा समजा,” तो सकाळी म्हणाला होता.

बुवांनी खोक्याकडं पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि “बरं” म्हणाले.

जुना बंब अंगणात काढून ठेवला होता. न्हाणीघराच्या भिंतीवर पांढराशुभ्र गीझर चमकत होता, आणि वरच्या झरोक्याला हेमंतनं नवी कोरी काच बसवून कडेनं सिलिकॉन भरलं होतं.

बुवांनी मान वर केली.

“ती काच कशाला?”

“इथला वारा माहीत आहे ना तुम्हाला? झरोका उघडा राहिला की ज्योत विझते. मग लोक मला फोन करतात, दुधाणे, तुमचा गीझर बंद पडला. म्हणून मी आता काच लावूनच देतो. एकदम फिट.”

“सगळीकडं लावलीस?”

“सगळीकडं.”

“साळव्यांकडंही?”

हेमंतनं स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला. पिशवीची चेन लावली. पुन्हा उघडली.

“त्यांच्याकडं नंतर लावली,” तो म्हणाला. “तक्रार आली होती.”

साळव्यांची सून रेवती. लग्नाला सात महिने झाले होते, गावच्या शाळेत शिकवत होती. जानेवारीत एका सकाळी अंघोळीला गेली ती बाहेर आली नाही. दार फोडलं तेव्हा नळ चालू होता आणि ती भिंतीला टेकून बसलेली होती, गाल चांगले लालबुंद, जणू नुकतीच धावून आलीय. कागदावर हृदयविकार लिहिलं गेलं. पेपरात चार ओळी आल्या, ‘चक्कर येऊन विवाहितेचा मृत्यू’. चोवीस वर्षांच्या धडधाकट पोरीला अंघोळ करताना चक्कर का यावी, हे ना कागद लिहिणाऱ्यानं विचारलं, ना चार ओळी छापणाऱ्यानं. गावानं मात्र आपल्यापुरता तपास करून निकाल देऊन टाकला. सासूनं उपाशीपोटी राबवली असणार. तेव्हापासून साळवीकाकू घराबाहेर पडल्या नव्हत्या.

हेमंत तेराव्याला जेवून आला होता. कोपऱ्यात बसलेल्या काकूंकडं त्यानं पाहिलं नव्हतं.

“गावात नवी पद्धत पडलीय म्हणे,” बुवा म्हणाले.

“कसली?”

“घरातलं कोणी अंघोळीला गेलं, की बाहेर एकानं उभं राहायचं आणि हाका मारायच्या. ‘आहेस का?’ आतल्यानं म्हणायचं, ‘आहे’.”

हेमंत हसला. “हो ना. माझी बायकोसुद्धा करते. घाबरट लोक.”

“एकोणीस घरांत?”

“आता अठराच म्हणायची. साळव्यांनी गीझर काढून टाकला.”

“अठरा घरांत रोज हाका मारतात,” बुवा सावकाश म्हणाले, “पण झरोक्याची काच एकानंही फोडली नाही.”

“तू सांगितलं असतंस तर फोडली असती,” बुवाच पुढं म्हणाले.

बाहेर धुकं ओट्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. हेमंतला वाटलं, उठावं आणि निघावं. पण काम तर पुरं करून दाखवायला हवं होतं. त्यानं रेग्युलेटर फिरवला, नळ सोडला. भप्प करून निळी ज्योत लागली. पाणी तापलं.

“घ्या. आता बटण नाही, काडी नाही, कोळसा नाही. तुम्ही फक्त बादली लावायची.”

“पहिली अंघोळ कोणाची?” बुवांनी विचारलं.

“तुमची. गुरूंच्या आधी कोण करणार?”

“दुकानातला आपला रिवाज विसरलास?”

तो विसरला नव्हता. नवा बंब घरी पोचवला, की ज्यानं ठोकला त्यानंच त्यातल्या पहिल्या पाण्यानं अंघोळ करायची, घरमालकाच्या देखत. तांबं कुठं कच्चं राहिलं असेल तर आधी आपलं अंग भाजू दे, असं बुवा म्हणत. हेमंतनं पाच वर्षांत चाळीसेक घरांत अशी अंघोळ केली होती. कडाक्याच्या थंडीत, लोकांच्या हसण्यात, लहान मुलांच्या गर्दीत.

गीझरच्या एकाही गिऱ्हाइकाकडं केली नव्हती.

“आता कोण करतं ते, बुवा... कंपनीची वस्तू असते. गॅरंटी कार्ड असतं.”

“पंचा दोरीवर आहे.”

बुवांचा आवाज चढला नव्हता. पण हेमंतला एकदम आपण एकोणीस वर्षांचे आहोत आणि हातातला हातोडा चुकीच्या जागी बसलाय असं वाटलं. त्यानं शर्ट काढला. आत गेला. दाराशी थांबला.

“दार जरा उघडं ठेवतो.”

“का?”

“वारा आला तर बरं असतं.”

“त्यांना सांगितलं होतंस, दार उघडं ठेवा म्हणून?”

हेमंतचे कान तापले. माणसानं खरं बोलायला हवं असतं तेव्हा तो बहुतेकदा रागावतो. तोही रागावला.

“माझ्या कामावर भरवसा नाही ना तुमचा? ठीक आहे!” असं म्हणून त्यानं दार ओढून घेतलं. मठातल्या न्हाणीला कडी नव्हती, पण दार जड होतं. घट्ट बसलं.

पाणी छान होतं. कढत, एकसारखं. पहिले चार तांबे अंगावर घेतले आणि त्याला बरं वाटलं. म्हाताऱ्याला दाखवून देतो, असंही वाटलं.

“आहेस का?” बाहेरून हाक आली.

“आहे!” तो मुद्दाम मोठ्यानं ओरडला.

वाफ दाटली. काच पांढरी झाली. ज्योतीचा आवाज येत होता, बारीक, दात विचकून श्वास घ्यावा तसा. त्यानं पाठीला साबण लावला. कपाळात कळ आली. सकाळपासून चहा नाही, त्यानं स्वतःला सांगितलं.

“आहेस का?”

“आहे.”

बादली भरत होती. तांब्या उचलायला गेला तर तो जड लागला. त्याला गंमत वाटली. मग खाली बसावंसं वाटलं. फरशी गरम होती, भिंत गरम होती, टेकल्यावर इतकं सुख वाटलं की डोळे मिटले. या भिंतीला असंच आणखी कोणी टेकलं असेल, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं, ती भिंत दुसरी.

साळव्यांकडं स्टुलावर उभा राहून तो सिलिकॉन भरत होता तेव्हा खाली रेवती उभी होती, शाळेत जायच्या घाईत, हातात वह्यांचा गठ्ठा. “भाऊ, मग वाफ बाहेर कशी जाणार?” तिनं विचारलं होतं. “वहिनी, वाफेची काळजी तुम्ही करू नका,” तो म्हणाला होता, आणि ती हसली होती. आवाज किंचित बसका होता तिचा. दिवसभर वर्गात बोलून बोलून बसतो तसा.

“आहेस का?”

हेमंतनं तोंड उघडलं. जीभ हलेना.

“आहे,” शेजारून उत्तर गेलं.

बसका आवाज. त्याच्या डाव्या खांद्याजवळून. इतक्या जवळून की ओल्या केसांचा वास आला.

त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला. वाफेशिवाय काही दिसलं नाही. वाफेत, भिंतीला टेकून कोणी बसावं एवढी एक जागा मात्र मोकळी होती. तिथं वाफ शिरत नव्हती.

मग बुवांनी विचारलं, आणि या वेळी त्यांनी वेगळंच विचारलं.

“आत किती जण आहात?”

ओरडावं म्हणून हेमंतनं छाती भरून श्वास घेतला, आणि त्या श्वासानंच त्याचं उरलंसुरलं बळ गेलं. हात दाराकडं निघाला होता. तो अर्ध्यात फरशीवर पडला आणि त्याला तो दुसऱ्याचा वाटला.

दार उघडलं. थंडगार धुकं अंगावर आलं.

शुद्धीवर आला तेव्हा तो अंगणात आडवा होता, अंगावर घोंगडी. ओकून ओकून पोटात काही उरलं नव्हतं. डोकं कोणी ऐरणीवर धरून ठोकावं तसं ठणकत होतं. बुवा गॅस बंद करून आले होते आणि न्हाणीच्या दाराशी उभे होते, एका हातानं दार पूर्ण उघडं धरून.

“मला माहीत होतं,” शेवटी हेमंत म्हणाला.

बुवांनी वळून त्याच्याकडं पाहिलं.

“गीझरसोबत कागद येतो. त्यात लिहिलेलं असतं, झरोका बंद करू नका, आत विषारी वायू साठतो. मी वाचलं होतं. पण ज्योत विझली की तक्रारी यायच्या. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय... तिला नेलं त्या दिवशी मला कळलं होतं, बुवा. दार फोडलं हे ऐकलं तेव्हाच कळलं.”

“हं.”

“काकूंना लोक बोलत होते तेव्हा मी तिथंच होतो. पंगतीत.”

“जेवलास?”

हेमंतनं तोंड घोंगडीत लपवलं. “जेवलो.”

“पुढं काय?” बुवांनी विचारलं.

तो धडपडत उठला. पिशवीतून त्यानं छिन्नी आणि हातोडा काढला. “अठरा घरं आहेत. अंधार पडायच्या आत जेवढ्या काचा फुटतील तेवढ्या फोडतो. काचा परत लावायला कोणी आलं तर त्याच्याशी भांडतो.”

“आणि?”

“आणि आधी साळव्यांकडं जातो. काकूंच्या समोर सांगतो. चौकात ओरडूनही सांगतो, म्हणजे परत कोणी त्यांचं नाव घेणार नाही. मग पोलीस न्यायचे तिथं नेऊ देत.”

बुवांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

हेमंतनं शर्ट चढवला. झरोक्याच्या त्या काचेकडं त्याचं लक्ष गेलं. पहिली हीच, असं म्हणून तो हातोडा घेऊन न्हाणीच्या उंबऱ्याशी आला. आत वाफ विरली होती, पण भिंतीजवळ, तो टेकला होता त्याच्या शेजारी, कोणी बसावं एवढी फरशी अजून ओली होती. गीझर बंद होऊन दोनेक तास झाले असतील. बाकीची फरशी केव्हाच सुकली होती.

तो जागच्या जागी थबकला.

“बुवा... मघाशी आत कोण होतं?”

भार्गवबुवांनी दार आणखी थोडं मागं ओढलं आणि स्वतः बाजूला सरकले. त्यांनी हेमंतच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाही उंबऱ्यावरून हलकेच बाजूला केलं.

“वाटेत उभा राहू नकोस,” ते म्हणाले. “आधी तिला बाहेर येऊ दे.”