चष्मेवाला आणि लाल बेरी

एवढासा पक्षी. लिंबाएवढा. पाठ हिरवी, गळा पिवळा. डोळ्यांभोवती पांढरं गोल गोल. म्हणून त्याचं नाव चष्मेवाला.

कुमुदआत्याच्या बागेत ब्लॅकबेरीची वेल होती. वेलीवर दोनच बेऱ्या उरल्या होत्या. एक काळी. एक लाल.

चष्मेवाल्याने काळी तोडली. ती चोचीतून निसटली. टप्प.

खाली मुंग्या होत्या. मुंग्यांनी बेरी उचलली. थँक्यू म्हणाल्या. गेल्या.

चष्मेवाला बघतच राहिला. चोच उघडी ती उघडीच.

पोट म्हणालं, गुर्र गुर्र.

आता राहिली लाल बेरी. लाल म्हणजे आंबट. इतकी आंबट की डोळे आपोआप मिटतात. काळी झाली की गोड.

भुर्र भुर्र. चष्मेवाला गेला बेरीकडे.

"बेरीताई, बेरीताई, पीक ना. पोटाची गुरगुर थांबेना."

बेरी म्हणाली, "इथे ऊन नाही. वेल उठली की पिकेन. तोवर नाही."

चष्मेवाला बघतच राहिला. चोच उघडी ती उघडीच.

भुर्र भुर्र. गेला वेलीकडे. वेल जमिनीवर आडवी पडली होती. आरामात.

"वेलबाई, वेलबाई, ऊठ ना. बेरी पिकेना. पोटाची गुरगुर थांबेना."

वेल म्हणाली, "मला सुतळीने तारेला बांधावं लागतं. सुतळी आली की उठेन. तोवर नाही."

चष्मेवाला बघतच राहिला. चोच उघडी ती उघडीच.

भुर्र भुर्र. गेला सुतळीकडे. ओट्यावर सुतळीचा गुंडा होता. गुंड्यावर माऊ होती. जाडजूड.

"सुतळीबाई, सुतळीबाई, सूट ना. वेल उठेना. बेरी पिकेना. पोटाची गुरगुर थांबेना."

सुतळी खालून म्हणाली, "माऊ हलली की सुटेन. तोवर नाही." आवाज अगदी चपटा आला.

चष्मेवाला बघतच राहिला. चोच उघडी ती उघडीच.

मग तो माऊशी बोलला. जरा लांबूनच.

"माऊताई, माऊताई, हल ना. सुतळी सुटेना. वेल उठेना. बेरी पिकेना. पोटाची गुरगुर थांबेना."

माऊने एक डोळा उघडला. "आत्याने दूध दिलं की हलेन. तोवर नाही." डोळा मिटला.

चष्मेवाला बघतच राहिला. चोच उघडी ती उघडीच.

भुर्र भुर्र. गेला कुमुदआत्याकडे. आत्या पलंगाखाली होती. काहीतरी शोधत होती.

"आत्या, आत्या, दूध दे ना. माऊ हलेना. सुतळी सुटेना. वेल उठेना. बेरी पिकेना. पोटाची गुरगुर थांबेना."

आत्या म्हणाली, चष्मा हरवलाय. चष्मा नसला की तिला दिसत नाही. काल तिने माऊचं दूध चपलेत ओतलं. चप्पल प्यायली नाही.

"चष्मा मिळाला की दूध देईन. तोवर नाही."

मग आत्याने त्याच्याकडे नीट बघितलं. जवळून बघितलं. अगदी नाक लावून बघितलं.

"काय रे," आत्या म्हणाली, "माझा चष्मा तुझ्याच डोळ्यांवर आहे की."

चष्मेवाला म्हणाला, हा माझा आहे. जन्मापासून आहे. आत्या म्हणाली, काढून दाखव. चष्मेवाला म्हणाला, निघत नाही. आत्याने बोटाने हळूच ओढून बघितला. खरंच निघाला नाही.

आता आत्यापण बघतच राहिली. दोघांची तोंडं उघडी ती उघडीच.

भुर्र भुर्र. चष्मेवाला बागभर फिरला. मग थांबला.

बागेत बुजगावणं होतं. आत्याने त्याला शर्ट घातला होता. टोपी घातली होती. आणि चुकून चष्मा घातला होता. बुजगावणं सगळीकडे बघत होतं. त्याला फार मजा येत होती.

"बुजगावणेदादा, बुजगावणेदादा, चष्मा दे ना. आत्या दूध देईना. माऊ हलेना. सुतळी सुटेना. वेल उठेना. बेरी पिकेना. पोटाची गुरगुर थांबेना."

बुजगावणं म्हणालं, "मला कुणी घाबरलं की देईन. तोवर नाही."

वर्ष झालं, त्याला कुणी घाबरलं नव्हतं. त्याच्या खिशात तर चिमणी राहायची.

चष्मेवाला म्हणाला, घाबरलो. बुजगावणं म्हणालं, खोटं. चष्मेवाला म्हणाला, खूप घाबरलो. बुजगावणं म्हणालं, खूप खोटं.

मग बुजगावण्याने चष्म्यातून लांब बघितलं. आणि शांतपणे म्हणालं, "कावळा तुझी बेरी खातोय."

चष्मेवाल्याची पिसं उभी राहिली. सगळी. चोच उघडी. डोळे उघडे. तो उलटा झाला आणि खाली पडला. धप्प.

"कावळा नाहीये," बुजगावणं म्हणालं. "पण घाबरलास. घे चष्मा."

लटपट लटपट. चष्मेवाल्याने चष्मा नेला.

चष्मा मिळाला, आत्याने दूध दिलं. बशीत दिलं. चुळुक चुळुक.
दूध आलं, माऊ हलली. थुलथुल थुलथुल.
माऊ हलली, सुतळी सुटली. सर्र सर्र.
सुतळी आली, वेल उठली. तारेवर चढून बसली.
वेल उठली, बेरीवर ऊन आलं.

एक दिवस ऊन आलं. बेरी लालच. दोन दिवस ऊन आलं. बेरी जांभळी. तीन दिवस ऊन आलं. बेरी काळी कुळकुळीत. मधे चष्मेवाल्याने चार किडे खाल्ले. पण किडे म्हणजे बेरी नव्हे.

चौथ्या दिवशी तो निघाला. भुर्र भुर्र.

वेलीपाशी कुमुदआत्या उभी होती. डोळ्यांवर चष्मा. आता तिला सगळं दिसत होतं. बेरीपण दिसत होती.

आत्याने बेरीला बोट लावलं. पिकलेली बेरी ओढावी लागत नाही. ती आपली आपण हातात येते. आली.

आत्याने बेरी तोंडाकडे नेली.

चष्मेवाला बघतच राहिला. चोच उघडी ती उघडीच.

"चष्मा आणलास ना रे माझा?" आत्या म्हणाली. "चल, आ कर."

आ झालेलाच होता.

बेरी म्हणजे रसाळ मण्यांचा झुबका. आत्याने त्यातला एक मणी काढला. उघड्या चोचीत टाकला. गट्ट.

चोच मिटली. मग परत उघडली. दुसरा मणी. गट्ट. तिसरा मणी. गट्ट.

सगळी बेरी संपली. पोट काही म्हणालं नाही.