ओळीची उंची, अंकात व अक्षरी

“…पण ओळीच्या उंचीचा आकडा किती, तेवढं सांगा,” पुष्कर म्हणाला.

त्याच्या वरिष्ठ शिकलगार मॅडम फळीवरची दप्तरं चाचपत होत्या.

अभिलेख कक्षासाठी पुष्करने प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर तालुका उघडला की गावं, गाव उघडलं की दप्तरं. दप्तराच्या प्रत्येक ओळीत माहिती लिहायची चौकट आणि तिच्या खाली ‘जतन करा’ हे बटण. ओळीची उंची त्याने चोवीस पिक्सेल ठरवली होती, कारण त्याच्या पडद्यावर ती शोभून दिसे. नोकरीच्या सहा वर्षांत आपली चूक कोणी काढली नाही, असं तो सांगे. काढणारे बहुधा बदली मागून गेले असावेत.

अभिलेखपाल लोंढे भाऊसाहेब मोतीबिंदूनंतर अक्षरं दीडपट मोठी ठेवत. त्यांना बटणाचं नुसतं कपाळ दिसे. पाचपर्यंत त्यांची सही झाली नाही, तर प्रोग्रॅम बाद होणार होता. मंजुरीच्या कागदावर सहीच्या वर एक रकाना होता : ओळीची उंची, अंकात व अक्षरी.

पुष्करने छत्तीस करून पाहिली. भाऊसाहेबांना बटण दिसलं, पण मजकूर लांबला की पुन्हा कापलं जाई. इतरांच्या पडद्यावर तर ओळी सुट्टीतल्या बाकांसारख्या रिकाम्या दिसू लागल्या.

मॅडमनी फळीवरचं कागदांचं एक दप्तर सोडलं, त्याला बांधलेला कापडी रुमाल पुष्करला दिला आणि दुसरं, जाड दप्तर पुढे सरकवलं.

“बांध.”

टोकाला टोक मिळेना. त्याने मोठा रुमाल मागितला. मॅडमनी तो दिला, आणि दप्तर पातळ दिलं. कागद आत घसरू लागले. त्याने चिडून कापड आवळलं आणि करकचून निरगाठ मारली.

“मग बरोबर माप कोणतं?”

भाऊसाहेब हसले. एकतीस वर्षांत कागद कापडावर ठेवल्याशिवाय त्यांनी रुमाल कापायला कात्री उचलली नव्हती.

पुष्कर संगणकाकडे वळला.

तासाभरात प्रत्येक ओळ आपल्या चौकटीला विचारून उंची घेऊ लागली. भाऊसाहेबांनी पेन उघडलं. पण सही करण्याआधी, जुन्या सवयीने, चौकटीत आणखी थोडा मजकूर लिहून पाहिला.

बटण कापलं गेलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“मी विचारलं होतं चौकटीला,” पुष्कर म्हणाला.

“कधी?” मॅडमनी विचारलं.

“…गाव उघडताना, एकदाच.”

मॅडमनी त्याने बांधलेलं दप्तर त्याच्यासमोर ठेवलं. वर एक सुटा कागद.

“हा आत घाल.”

त्याने गाठ सोडायला घेतली. नख तुटलं.

“भाऊसाहेब सुरगाठ मारतात,” मॅडम म्हणाल्या.

पुष्कर पुन्हा संगणकाकडे वळला; आता मजकूर बदलला की ओळ दरवेळी चौकटीला विचारणार होती.

पाचला दहा कमी असताना भाऊसाहेबांनी पुन्हा लिहिलं. चौकट वाढली, तिच्याबरोबर ओळ वाढली, खालच्या ओळी मुकाट्याने सरकल्या. भाऊसाहेबांनी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. एवढं कौतुक त्यांनी आजवर कोणाचंच केलं नव्हतं.

त्यांनी सही केली. मग पेन रकान्यावर थांबलं.

“मॅडम, इथे किती लिहू?”

पुष्कर तो सुटा कागद हातात धरून उभा होता.

मॅडम त्या दप्तराची निरगाठ दातांनी सोडवत होत्या. ती सुटल्यावर म्हणाल्या,

“कोरा ठेवा. कागद अजून येतायत.”