साठावा तांबा

पंधरा दिवसांत राजकन्येच्या लग्नासाठी साठ तांबे घडून आले पाहिजेत, आणि त्र्यंबकशेट तांबटांनी हातोडीला हात लावायचा नाही! कुरुंदगडच्या महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला. तांबे झाले नाहीत तर तांबटखाना बंद, चौदा कारागिरांना रजा आणि त्या जागेवर घोड्यांची पागा.

आणि हुकूम नसता तरी शेट हातोडीला हात लावणार कसे? माळ्यावरून पडून त्यांचा उजवा हात झोळीत आला होता. आणि खरी गोम तिथंच होती. तांबटखान्यात माणसं चौदा, पण काम करायचे एकटे शेट. बाकीचे काय करायचे? बघायचे. कुणी हातोडी उचलली की दुसऱ्या ठोक्याला शेट ओरडलेच, "हो बाजूला!" आणि हातोडी त्यांच्या हातात. वीस वर्षं हेच चाललेलं. बाजूला होण्यात मात्र चौदाही जण चांगले तरबेज झाले होते.

शेटनी गयावया केली. माणसं शिकवायला चार महिने द्या म्हणाले. पण महाराज पडले हट्टी. दिवाणजी खलिता लिहायला बसले, की दुसऱ्या ओळीला त्यांची लेखणी काढून घेऊन स्वतःच लिहायचे, असा महाराजांचा खाक्या.

"हात उपजत असतो, शेट," महाराज म्हणाले. "शिकवून येत असता, तर वीस वर्षांत तुमच्याकडे एक तरी तांबट तयार झाला असता."

शेट मान खाली घालून परत आले आणि भट्टीपाशी डोकं धरून बसले. तेव्हा भाता ओढणारी गोजराबाई पदर खोचून उठली आणि म्हणाली, पंधरा दिवस कारखाना माझ्या हाती द्या. शेटना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग त्यांनी हो म्हटलं. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

पण गोजराबाईला कमी समजू नका. वीस वर्षं भाता ओढताना तिचे हात गुंतलेले असायचे, डोळे आणि कान मोकळे. कुठला ठोका चुकला, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. तिनं कुणालाच अख्खा तांबा करायला सांगितलं नाही. तिघांनी पत्र्याच्या गोल चकत्या कापायच्या, पाचांनी त्या ठोकून खोलगट करायच्या, दोघांनी जोड द्यायचा, दोघांनी चिंचेनं घासायचं आणि उरलेल्या दोघांनी मठारायचं, म्हणजे बारीक ठोक्यांच्या ओळी उठवून तांब्याला चकाकी आणायची. ज्याला जे दिलं, त्यानं तेवढंच पक्कं करायचं.

सगळं ठीक होतं, पण शेटच्या तोंडाचं काय करणार? पहिल्याच दिवशी दोन ठोके पडले आणि शेट ओरडले, "हो बाजू..." पुढचा शब्द बाहेर पडायच्या आत गोजराबाईनं त्यांच्या हातावर भलामोठा विडा ठेवला. बोलायचं असेल ते हा विडा संपल्यावर बोला, म्हणाली. शेट विडा चघळत, डोळे वटारत बसले. विडा संपेपर्यंत त्या कारागिराला आपली चूक आपणच दिसली होती आणि त्यानं ती दुरुस्तही केली होती. शेटना बोलायला काही उरलंच नाही. पहिल्या दिवशी एकोणीस विडे लागले. दहाव्या दिवशी दोन.

पंधराव्या दिवशी महाराज दिवाणजींना घेऊन आले. तांबे मोजले. एकोणसाठ! आपलंच म्हणणं खरं ठरलं म्हणून महाराजांचा चेहरा खुलला. एक कमी म्हणजे कमीच, म्हणाले, पागेचं काम उद्यापासून सुरू करा.

गोजराबाई हात जोडून म्हणाली, साठावा ऐरणीवर आहे, फक्त मठारायचा राहिलाय. सरकारांनीच तो पुरा केला असता तर शोभलं असतं, पण ते सरकारांना काही जमायचं नाही.

"मला जमत नाही असं आहे तरी काय?" महाराज गरजले आणि शेला दिवाणजींकडे फेकून ऐरणीपुढे मांडी घालून बसले. पहिला ठोका तांब्यावर, दुसरा अंगठ्यावर. महाराज काही बोलणार, तोच गोजराबाईनं चांदीच्या तबकातून विडा पुढे केला. राजा झाला तरी भरल्या तोंडानं ओरडणार कसा? ती शेजारी बसून टाळीचा ठेका देत राहिली. वेडीवाकडी पहिली ओळ, बरी दुसरी, आणि घटकाभरानं तिसरी ओळ दोरीनं आखल्यासारखी सरळ. महाराज घामाघूम झाले होते, पण हातोडी सोडायला तयार नव्हते. तांबा पुरा करूनच उठले आणि तो सगळ्यांना दाखवत म्हणाले, "कोण म्हणत होतं जमणार नाही?"

"मीच म्हणत होते, सरकार, चुकले," गोजराबाई म्हणाली. "आता एवढंच सांगा. सरकारांचं घराणं मुळात तांबटाचं, की हात शिकवून येतो?"

महाराजांनी तांब्याकडे पाहिलं, सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि असे खो खो हसले की विड्याची पिंक दिवाणजींच्या अंगरख्यावर! साठ तांबे पुरे झाले, कारखाना राहिला, गोजराबाईला सोन्याचं कडं मिळालं आणि नवी माणसं शिकवण्याचं काम तिच्याकडे आलं. आणखी काय हवं, असं महाराजांनी विचारलं, तेव्हा तिनं शेटसाठी रोज सरकारातून एक विडा मागितला.

"एक?" दिवाणजी अंगरखा पुसत पटकन म्हणाले. "बाई, दोन मागा. एक इथं आणि एक मी खलिता लिहायला बसतो तेव्हा दरबारात!"

महाराज पुन्हा हसले आणि दोन्ही विडे मंजूर झाले.