बांधाखालचे खडस

त्या डोहात पाणी होतं, पण ते वाहत नव्हतं. वरच्या अंगाला खेकड्यांनी बांध घालून प्रवाह पलीकडच्या ओढ्यात वळवला होता, म्हणजे दर पुरात बिळं वाहून जायला नकोत. बिळं राहिली. वाहत्या पाण्यावर जगणारे डोहातले खडस मासे मात्र हळूहळू संपले, आणि खाणारं कुणी न उरल्याने पाण्यावर शेवाळ धरलं. त्याचा वास बिळांत शिरला तेव्हा खेकड्यांनी ठरवलं, की खडस परत आणायचे.

काम धोंडाई कासविणीकडे आलं. असली कामं तिच्याकडेच यायची, कारण तिला नाही म्हणता येत नसे. पिल्लं केव्हा आणायची, कुठल्या कपारीशी सोडायची, सगळं तिने आखून दिलं. अट एकच घातली: बांधाला वाट ठेवावी.

"ठेवू की," खेकड्यांचा मुखत्यार म्हणाला. "आधी मासे तरी येऊ द्या, धोंडाई."

धोंडाई धापा टाकत उगमाकडे गेली. तिथे एक म्हातारी खडस मासोळी आपलं गणगोत घेऊन राहत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बांधाला वाट केली?"

"करणार आहेत."

"कोण?"

"ज्यांनी बांध घातला, तेच."

मासोळीने आपल्या पिल्लांकडे पाहिलं. "ने बाई," शेवटी म्हणाली. "इथलंही पाणी आटत चाललंय."

पिल्लं डोहात आली आणि थेट बांधाच्या पायथ्याशी गेली. मातीतून जरासं पाणी झिरपत होतं, तिकडे तोंड करून उभी राहिली. खायलासुद्धा हलली नाहीत.

"बघा, कशी शिस्तीत उभी आहेत," मुखत्यार म्हणाला. धोंडाईने वाटेचं विचारलं, तर म्हणाला, "आत्ताच आलीत. रुळू द्या." पिल्लं उभ्या जागी मेली.

"या खेपेला अंडीच आणा," मुखत्यार म्हणाला. "इथेच फुटू देत. वाहत्या पाण्याची ओळखच नको."

भांडायला लागणारा जोर धोंडाईत उरला नव्हता. तिने अंडी आणली. त्यातून निघालेले मासे जगले, शेवाळ खाऊन गुबगुबीत झाले, मन मानेल तिकडे तोंड करून तरंगू लागले. खडस परत आले, असं खेकड्यांनी जाहीर केलं. सगळ्यांनी धोंडाईचं कौतुक केलं. तिला ते ऐकवेना.

एके दुपारी कुणाला न विचारता ती बांधाशी गेली आणि उकरू लागली. नखं तुटली तरी थांबली नाही. अखेर एक ढेकूळ सुटलं, मागोमाग दगड घरंगळला आणि गार, स्वच्छ पाण्याचा लोट डोहात घुसला.

"या रे," ती बाजूला होत म्हणाली. "तुमचंच आहे हे."

पाणी अंगाला लागताच मासे दचकले आणि एकदम मागे वळून पळत सुटले. गलका ऐकून मुखत्यार बिळाच्या तोंडाशी आला. त्याने नांग्या पसरल्या. त्या नांग्यांच्या आड खडस दाटीवाटीने उभे राहिले आणि थरथरत धोंडाईकडे बघू लागले.